माझ्या डोक्याची पुल टेस्ट

१२ जानेवारी, सकाळी
काम फत्ते! काल केस लावून घेतले. डोक्याच्या मागचे एकेक मुळासकट काढले आणि पुढच्या ओसाड भागात रोवले. अजिबात दुखलं नाही. म्हणजे थोडं दुखलं. घरी येईपर्यंत बरंच दुखलं, पण तो रिक्षावाल्याचा दोष.

आजपासून नियमित नोंद. टूथब्रशच्या कारखान्यात क्वालिटीचा प्रमुख आहे मी. माझ्या सहीशिवाय एक ब्रश गेटबाहेर पडत नाही. स्वतःच्या डोक्यावर लक्ष कसं ठेवायचं हे मला कोणी शिकवायला नको.

कुणालाही सांगितलेलं नाही. बायको मुलीकडे गेली आहे, बाळंतपणाला. गेल्या आठवड्यात नात झाली. त्याच दिवशी बसमध्ये एका बाईने उठून मला जागा दिली. म्हणाली, बसा आजोबा. तिला इतक्या लवकर बातमी कशी कळली? बरं, तिचे स्वतःचे केस पांढरे होते. मी बसलो नाही. मधल्या स्टॉपवर उतरलो आणि क्लिनिकला फोन केला.

संकल्प : नात मला पहिल्यांदा बघेल ती केसांसकट. तोवर भेट नाही.

१२ जानेवारी, दुपारी
एक राहिलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, शुगर आहे का? म्हटलं, छे. सकाळी एक गोळी घेतो, पण एका गोळीला आजार म्हणायचं म्हणजे अतीच झालं. सध्या तीही बंद. एका वेळी एकच उपचार, शरीराचा गोंधळ नको.

१४ जानेवारी
सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली. डोळे बारीक झालेत. चेहरा करारी दिसतो.

झोप आरामखुर्चीत, बसूनच. डोकं कशालाही टेकवायचं नाही, खाजवायचं नाही, हात लावायचा नाही. क्लिनिकच्या सूचनांचा कागद फ्रिजवर लावलाय. सूचना चांगल्या आहेत, जरा भित्र्या माणसांसाठी लिहिलेल्या वाटतात.

१६ जानेवारी
मुलीचा व्हिडिओ कॉल. कॅमेरा बंद ठेवला. म्हटलं बिघडलाय. तिने बाळ दाखवलं. एवढंसं तोंड, आणि डोक्यावर हे दाट जावळ! मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्यावर गेलीय. मागून बायको काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. न ऐकताच राग आला.

या घराण्याला केस आहेत, हे सिद्ध करून दाखवायचं आहे.

२० जानेवारी
कामावर रुजू. डोक्यावर सैल टोपी. लॅबमध्ये नियमच आहे टोपीचा, त्यामुळे कुणाला संशय नाही. फक्त चष्म्याला. चष्मा म्हणजे माझा असिस्टंट. फार बारीक बघतो. मीच तयार केलाय, आता भोगतोय. म्हणाला, सर, टोपी घरूनच घालून आलात? म्हटलं, शिस्त. स्वतःचं कपाळ तिशीतच मागे सरकायला लागलंय, पोटात दुखणारच.

२२ जानेवारी, सकाळी
खपल्या निघाल्या. खाली बारीक काळे खुंट उभे! डोळे भरून आले.

पण बसलेत का नीट? वरून सगळेच ब्रश छान दिसतात. म्हणून तर आमच्याकडे पुल टेस्ट असते. लॉटमधला एखादा ब्रश घ्यायचा, त्याचा केसांचा एक झुपका चिमट्यात धरायचा आणि ताण द्यायचा. टिकला तर लॉट पास. इतकी वर्षं हेच केलं. डोळ्यांवर विश्वास ठेवला असता तर अर्ध्या गावाच्या तोंडात केस राहिले असते.

लॅबमधला चिमटा घरी आणावा का? क्लिनिकच्या कागदात 'हात लावू नये' असं लिहिलंय. चिमट्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

२२ जानेवारी, संध्याकाळी
पुल टेस्ट केली. एकच नमुना घेतला, डावीकडचा. नापास. मुळासकट हातात आला. पण एका नमुन्यावरून लॉट नाकारत नाहीत. एक नापास झाला तर दुप्पट नमुने घ्यायचे, हा नियम माझाच आहे. दोन घेतले. दोन्ही नापास. मग चार.

पुढचे आकडे लिहीत नाही. शेवटी एक जागचा हलला नाही. तो त्वचेलाच चिकटला होता असं वाटतं, पण हलला नाही हे महत्त्वाचं. लॉट खास सवलतीत पास. सही केली.

थोडं रक्त. कापूस लावला.

२५ जानेवारी
आनंदाची बातमी! टेस्ट केली तिथेच काळेपणा यायला लागलाय. शर्टाच्या बटणाएवढा. लाल, मग जांभळट, आता चक्क काळा. ताण दिल्यामुळे मुळं जागी झाली असणार. हे त्या डॉक्टरांना सुचलं नाही.

२७ जानेवारी
क्लिनिकच्या मुलीचा फोन. नेहमीची चौकशी, फोटो पाठवा म्हणाली. उजव्या बाजूचा पाठवला, त्यात उजेड चांगला येतो. तिचा मेसेज आला, खूप छान, असंच चालू ठेवा. तज्ज्ञांचं मत मिळालं. असंच चालू ठेवतो.

२९ जानेवारी
बाटलीच्या झाकणाएवढं झालं. पृष्ठभाग चामड्यासारखा कडक. मजबूत आहे. कडेने थोडं पिवळं पाणी. तेलच असणार, केस म्हटले की तेल आलंच.

बायकोचा फोन. म्हणाली, अहो, एवढे दिवस कोणाचा कॅमेरा बिघडतो? मुलगी रोज विचारते, बाबा येत का नाहीत. म्हटलं, कारखान्यात ऑडिट आहे. म्हणाली, गोळी घेताय ना? म्हटलं, हो. म्हणाली, आवाज असा का येतोय? कसा येतोय हे काही सांगितलं नाही. हिला मुळात काळजीची हौस.

२ फेब्रुवारी
घरात वास येतोय. मोरीचा. सकाळपासून खिडक्या उघड्या, तरी जात नाही. प्लंबर बोलावला. त्याने जाळी काढली, पाइप साफ केला, मोरी तपासली. म्हणाला, साहेब, मोरी स्वच्छ आहे. मग दिवाणखान्यात आला, माझ्या खुर्चीजवळ उभा राहिला, पटकन रुमाल नाकाला लावला. पैसे न मोजताच गेला. कामात हलगर्जीपणा, दुसरं काय. दुसरा प्लंबर बघावा.

३ फेब्रुवारी
लॅबमध्येही तोच वास. म्हणजे गावभर मोऱ्या तुंबल्यात. महापालिकेला तक्रार करावी.

चष्म्याने माझं टेबल खिडकीजवळ सरकवलं. न विचारता. एक माशी दिवसभर टोपीभोवती. हाकलली की छताला बसते, लक्ष दुसरीकडे गेलं की परत येते. या थंडीत ही जगली कशी?

५ फेब्रुवारी, सकाळी
अंगात कसकस. बरं लक्षण आहे, रक्त डोक्याकडे धावतंय. आरशात पाहिलं. आता काळा भाग तळहाताएवढा. त्यात केस मात्र एकही नाही. आधी जमीन तयार होते, मग पीक. उतावीळपणा करायचा नाही.

संकल्प : १ मार्चला मुलीकडे जायचं. तिकीट बघून ठेवलं.

५ फेब्रुवारी, दुपारी
टोपी निघत नाहीये. चिकटली आहे. घाई नाही, तशीही लॅबमध्ये लागतेच.

६ फेब्रुवारी
चष्मा म्हणाला, सर, मला एकदा टोपीखाली बघू द्या. म्हटलं, मर्यादेत राहा. म्हणाला, ब्रशचा लॉट असा वास मारत असता तर तुम्ही गेटबाहेर सोडला असता का? मी त्याला लॅबबाहेर काढलं. मग सही करताना कागद फाटला. रागामुळे.

मुलीचा फोन. बाळ हसायला लागलंय म्हणे. फोन बाळाच्या कानाला लावते म्हणाली, बोला बाबा. मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही हे सगळं आत्ताच सांगितलंत.

७ फेब्रुवारी
दोनदा कुलूप लावलं. घरातच होतो.
डावा डोळा सुजून बंद. करारी.
उद्या क्लिनिकला फोन करावा का? नको. उगाच घाबरवतील. परवा करू.

८ फेब्रुवारी
माशी आज टोपीच्या आत

२१ फेब्रुवारी, हॉस्पिटल
हात ठीक आहे, लिहिता येतं. वही बायकोने घरून आणून दिली. वाचली का विचारलं. म्हणाली, नाही. डोळे लाल होते. वाचली असणार.

लॅबमध्ये पडलो. चष्म्याने गाडीत घातलं, टोपी त्याने काढली नाही, इथेच काढली. त्यानंतर तो बाहेर जाऊन उलट्या करत होता म्हणे. हे त्याने सांगितलं नाही, वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं.

२२ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई कडक आहेत. म्हणाल्या, तुमच्या डोक्याची कातडी मेली होती, आणि मेलेलं अंग तुम्ही टोपीत घालून कामावर नेत होतात. शुगर किती आली ते सांगितलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर बायको माझ्याशी बोलत बसली नसती, म्हणाल्या. डॉक्टर लोक वाढवून सांगतात.

विचारलं, केस कोणी उपटले? पुल टेस्टची पद्धत नीट समजावून सांगितली. नमुने दुप्पट का घ्यायचे तेही. त्यांनी ते सगळं केसपेपरवर लिहून घेतलं.

२४ फेब्रुवारी
बायको तान्ही नात आणि ओली बाळंतीण सोडून धावत आली आहे. स्टुलावर बसून असते. आज एकदाच बोलली. म्हणाली, अहो, लग्नातसुद्धा तुम्हाला धड केस नव्हते. मी तेव्हा बघितलं नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?

मला फार रडू आलं. म्हटलं, औषधांमुळे.

३ मार्च
मांडीची कातडी काढून डोक्यावर लावली. मांडीवर माझ्या केस चांगले आहेत, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारलं, ते येतील ना वर? म्हणाल्या, वरचा पातळ पापुद्रा घेतलाय, मुळं खालीच राहिली. तिथे आता कधीच काही उगवणार नाही. मी म्हटलं, कधीच म्हणजे साधारण किती? त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

१ मार्चचं तिकीट वाया गेलं.

२० मार्च
घरी. गोळ्या आता चार. बायको समोर उभी राहून घ्यायला लावते. आरसे तिने काढून ठेवले होते, मीच परत लावायला सांगितले. बघितलं. पुढे तुळतुळीत, ताणलेलं, गुलाबी. हात लावला तर बोटांना कळतं, डोक्याला नाही. मागे जिथून केस काढले होते तिथे ठिपके ठिपके. उजव्या कानाच्या वरच्या बाजूला थोडे उगवलेत, तेही वाकडे.

कारखान्यातून पत्र. मे अखेरपर्यंत रजा मंजूर. लॅब सध्या चष्मा बघतो. हंगामी.

१५ एप्रिल
विग बघावा का? बायकोला विचारलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. नको म्हटलं, सहज विचारलं.

१ जून
कामावर परत. चष्म्याने टेबल जागच्या जागी लावून ठेवलं होतं. लॉट पास झाला की सही मात्र तोच करतो. मी शेजारी बसतो. आज एक ब्रश उजेडात धरला आणि चिमटा उचलला, तर त्याने हळूच माझ्या हातातून चिमटा काढून घेतला.

२७ जून, रविवार
मुलगी आली, नातीला घेऊन. पहिली भेट.

सकाळपासून ठरवत होतो की टोपी घालू. मग रुमाल बांधू असं ठरवलं. दोन्ही केलं नाही. मुलीने मला बघितलं आणि दारातच तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, ये, चप्पल काढ. दुसरं काही सुचलं नाही.

नात मला बघून रडली नाही. मोठाले डोळे करून बघत बसली. मग मुलगी तिला घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली, बायको समोर पलंगावर. मी चष्म्याच्या सहीबद्दल सांगत होतो. सांगता सांगता वाटलं, आता मागे वळून पोरीला मांडीवर मागावं, पण ती आपणहून कधी माझ्याकडे झेपावते त्याची वाट बघत होतो.

बायको हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, काय झालं एवढं?

म्हणाली, अहो, पोर केव्हाची तुमच्या डोक्यावर दोन्ही हातांनी थापा मारतेय.

मीही हसलो.