परत आलेले तांदूळ

काशी, १९ सप्टेंबर २०२५

चि. मालविका,

काशीहून ताईचे तुला आणि मुक्ताला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. अक्षर मोठं दिसलं तर हसू नकोस, पेन जाड आहे. फोन करत नाही म्हणून रागावली असशील. पण संकठा घाटामागच्या या एका खोलीत फोनवरचं सगळं तुझ्या भावोजींच्या कानावर जातं.

मुक्ताने पाठवलेला डाएट चार्ट मिळाला. तुझी लेक आहारतज्ज्ञ झाली आणि मावशीच तिची पहिली पेशंट, याचं कौतुक आहेच. पण तिला सांग, ज्वारी पुण्यात साधी असेल, इथे ती ‘मिलेट’ होऊन मोठ्या दुकानात काचेमागे बसते. पनीर, सफरचंद, मूठभर बदाम. वाचूनच माझं पोट भरलं. सत्तू, म्हणजे भाजक्या चण्यांचं पीठ, स्वस्त आहे म्हणशील. स्वस्त असला तरी विकतच ना? आमचं घर यांच्या भिक्षुकीवर चालतं, आणि यजमान शिध्यात देतात तांदूळ, मैदा, साखर, बटाटे. माझ्या शुगरसाठी डॉक्टरांनी जे जे खाऊ नका म्हणून सांगितलं, ते ते आमच्या दारात फुकट येतं. पितृपक्षात तर डबे अपुरे पडतात.

मी यांना म्हटलं, "यजमानांना सांगा ना, तांदळाऐवजी चणे द्या."

"दान सांगून घेत नाहीत, शरदिनी. देतील ते घ्यायचं." रागावून नाही, समजावून म्हणाले. त्याचाच मला जास्त राग आला.

म्हणून मी तांदूळ विकले. हे श्राद्धाला गेले की मी पिशवी घेऊन चौखंब्याच्या वाण्याकडे. तो खूश. "पंडिताइन, और हो तो ले आइए, पितृपक्ष में चावल खूब उठता है." त्या पैशांतून ज्वारीचं पीठ आणलं. भाकरी थापताना आईची आठवण आली. चार घास खाल्ले तर पायांची आग कमी झाल्यासारखी वाटली.

मंगळवारी हे राजा घाटावरच्या यजमानांकडचं श्राद्ध करून आले. खांद्यावर शिध्याची पिशवी. जांभळी. तू दिलेली साडी विरल्यावर तिच्या काठापदराची मीच शिवलेली. वाण्याने तांदूळ पिशवीसकट ठेवून घेतले होते, आणि यजमानांनी त्याच्याच दुकानातून तीच पिशवी शिध्यासाठी उचलली. माझेच तांदूळ दक्षिणेसह घरी परत आले. खरं सांगते, मला आधी हसू आलं.

यांनी पिशवी खाली ठेवली. "ही आपलीच ना?"

मी हो म्हटलं. भांडायची सगळी तयारी होती माझी. हे नुसते उपरण्याची घडी घालत बसले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मला सांग. मी नेऊन देत जाईन. तू कशाला ओझं उचलतेस?"

मालू, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं होतं. या गल्ल्यांत प्रत्येक दुकानदार यांना ओळखतो. दान विकताना एकदा दिसले की श्राद्धाला कोण बोलावणार? आणि हे जातील गं. माझ्यासाठी खाली मान घालून जातील. म्हणून मीच सांगून टाकलं, आता गरज नाही, शुगर उतरलीय. काल त्याच तांदळाचा भात केला. यांनी आनंदाने मला आग्रह करून पुन्हा वाढला, आणि मी खाल्ला.

शुगर उतरलेली नाही. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम सुरू झालाय, खाणं सांभाळलं नाही तर दिसणं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. यांना सांगितलं तर हे उद्याच पिशवी उचलतील. पेन जाड नाही, मालू. बारीक लिहिलेलं मला दिसत नाही. भीती वाटते.

तू पैसे पाठवशील, मला ठाऊक आहे. पाठवू नकोस. माझं वेगळं खातं नाही, आणि यांनी विचारलं तर काय सांगू?

परवा सर्वपित्री. शिध्यात पुन्हा तांदूळच येतील.

उत्तर लवकर लिही, पण मोठ्या अक्षरात. नाहीतर ते मला यांच्याकडूनच वाचून घ्यावं लागेल.

तुझी,
शरूताई