पाटावरून उठताना

सोम., २७ ऑक्टो.
तो व्हिडिओ आज पुन्हा ग्रुपवर. चिमीच्या साखरपुड्यातला. पूजा झाली, सगळे उठले, मी पाटावरच. मग एका बाजूने व्याही आणि दुसऱ्या बाजूने त्यांचा भाऊ, दोघे मला उचलतायत. मुलीच्या सासऱ्याने मुलीच्या बापाला उचलायची पद्धत आमच्यात नव्हती. ती मी सुरू केली. खाली मेहुण्याची कमेंट: लग्नात क्रेन सांगू का? मी हसलो. सौ. हसली नाही.
लग्न ३० नोव्हें.ला. कन्यादानाला मांडी घालून बसायचं आणि आपलं आपण उठायचं. बाकी काही नको. डॉक्टर म्हणाले, गुडघे ठीक आहेत, वरचा माणूस कमी करा.

शुक्र., ३१
चिमीने ओट्स आणून दिले. लहानपणी पतंगाला खळ करायचो, तीच चव. खाल्ले. अकरा वाजता दुकानात मिसळ मागवली, कारण ओट्स खाल्ले होते. रात्री नुसता ताकभात. मग दिवाळीच्या डब्यातल्या चकल्या, पण मोडक्या. मोडक्या चकलीचं काही लागत नाही अंगाला.
सौ.ने विचारलं, मोडली कोणी.

मंगळ., ४ नोव्हें.
केळवणं सुरू. आमंत्रण मुलीला, आग्रह बापाला. आज माई आत्याकडे. मी 'पुरे' म्हटलं की पंगत हसते. विशीत एका लग्नात पैजेवर जिलब्या खाल्ल्या, तेव्हापासून खानदानात माझं हेच नाव. चार वेळा पुरे म्हटलं, चारही वेळा वाढलं, चारही वेळा संपवलं.
आत्याचं वय ऐंशीच्या पुढे, अंगाने काडी. तिने सगळं खाल्लं आणि तिला कुणी आग्रह केला नाही. निघताना विचारलं, हे कसं जमतं.
"माझं ताट रिकामं दिसतच नाही, वाढतील कुठे? तू जेवत नाहीस रे, तू ताट पुसतोस."
जिना उतरेपर्यंत तेच डोक्यात.

रवि., ९
वाघोलीला सोपानरावांकडे केळवण. मोटारपंपाच्या सामानाचं जुनं गिऱ्हाईक, आता घरचेच. पुरणपोळ्या, वर तुपाची धार. आत्याची युक्ती वापरली. चतकोर पोळी ताटात तशीच ठेवली आणि सावकाश आमटी भुरकत बसलो. सोपानराव पोळी हातात घेऊन शेजारी उभे.
"आवो शेठ, ती कवर जपून ठिवताय? आन् पोरीच्या लग्नात बाप वाळल्याला बरा नाय दिसत."
मी म्हटलं, वाळायला अजून बराच वाव आहे. हसले आणि पुढच्या पानाकडे गेले. दोन पोळ्यांत जेवण. चतकोर शेवटी संपवला, टाकला नाही. पट्टा सैल करावा लागला नाही. येताना चिमीने गाडी चालवली आणि मी चक्क जागा होतो. मजेत गप्पा.

शुक्र., १४
वाईट संध्याकाळ. साडेसहाला दुकानातून येताना बेकरीतून दोन पॅटिस आणतो, चिमी कॉलेजात होती तेव्हापासून. एक तिचं, एक माझं. तिला अर्धंच लागतं, उरलेलं माझ्याकडे. आज तिला ऑफिसात उशीर. माझं खाल्लं. मग तिचं. मग शिरा. मग डबे उघडून बघत होतो. पोट तुडुंब आणि हात डब्यात.
सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी.
"भूक नाहीये तुम्हाला. तुम्ही वाट बघताय."
खरं आहे. साडेसहा यापुढेही वाजणार आणि ती यायची नाही. हे ग्रुपवर कुणी लिहीत नाही, मी पण बोललो नव्हतो. सौ. म्हणाली, बाणेरलाच चालली आहे, अमेरिकेला नाही. आणि तिनेच आधी डोळे पुसले.

मंगळ., १८
आज वाट बघायला घरी बसलो नाही. मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेलो. चिमी जिन्यावरून उतरली, मला पाहून घाबरली. घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं, ठीक आहे, डब्यांपासून लांब आलोय. बेकरीत एकच पॅटिस घेतलं. कसब्याच्या गल्ल्यांतून खात खात आलो, अर्धं-अर्धं. पत्रिकेतली चूक, तिचा बॉस, कुणाचं काय. अर्धं पुरलं. नवल आहे.
रोज जायचं.

शनि., २२
घसरलो. मेहुण्याकडे केळवण, जिलबी. किती ते मी मोजलं नाही, त्याने मोठ्याने मोजलं. टाळ्याही पडल्या. वाईट म्हणजे मजा आली.

रवि., २३
प्रायश्चित्त म्हणून सकाळपासून कडकडीत उपास. दुपारी आत्या टपकली. सौ.ने सांगितलं असणार.
"का रे, सुतक आहे? आज उपाशी राहशील आणि उद्या पुन्हा ताट पुसशील. ऊठ, जेव."
वरण-भात, भाजी, पोळी. ती समोर बसून होती. सावकाश जेवलो. काल काल होता. संध्याकाळी बरं वाटत होतं.

बुध., २६
शेरवानीची ट्रायल. शिंपी म्हणाला, माप तुम्हीच दिलं होतं ना? कमरेत आत घ्यावी लागणार. इतक्या सभ्य भाषेत माझं कौतुक त्याने पूर्वी केलं नव्हतं. दोन पेढे खाऊन साजरं करणार होतो. एक खाल्ला.

शुक्र., २८
रात्रीची जेवणं झाल्यावर पाट काढून सराव. बसणं सोपं. उठताना पलंगाची कड धरली. लग्नात पलंग नसतो.
कार्यालयाच्या मॅनेजरचा फोन. कन्यादानाला खुर्च्या ठेवू का, हल्ली सगळे घेतात. सौ. माझ्याकडे बघत होती. मी पाट सांगितला. फोन ठेवल्यावर घाम फुटला.

सोम., १ डिसें.
काल लिहायला झालं नाही.
कन्यादानाला पाटावर बसलो. पाण्याची धार सोडताना चिमीने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा गुडघे आहेत हेच विसरलो. मग गुरुजी म्हणाले, उठा. पहिल्यांदा नाही जमलं. सौ. हळूच म्हणाली, अहो, सावकाश. व्याह्यांचा हात पुढे आला होता. तो घेतला नाही. जमिनीला हात टेकला, गुडघ्यावर आलो, उठलो. मग त्यांचा हात घेतला, सोडवेना. मेहुणा व्हिडिओ काढत होता. तो अजून ग्रुपवर आलेला नाही. बिनक्रेनचा कोण बघणार.
पंगतीत जिलबी दोन. ताटात शेवटपर्यंत एक पुरी राखली. आत्याने लांबून पाहिलं, बोलली काही नाही. हे तिचं कौतुक.
पाठवणीचं लिहीत नाही.
आज दुकान उघडलं. साडेसहा वाजले. पाय स्टेशनकडे वळले, तिथपर्यंत जाऊन आलो. बेकरीवाल्याने न विचारता एक पॅटिस बांधलं. घरी सगळीकडे लग्नाचं सामान. सौ. दमून झोपलेली. टेबलावर बुंदीच्या लाडवांचा मोठा डबा.
चिमीचा फोन.
"बाबा, पॅटिस आणलंस?"
"आणलं."
"माझं अर्धं ठेव हं. बुधवारी येतोय आम्ही."
म्हटलं, बुधवारपर्यंत त्याचा दगड होईल. ती म्हणाली, मग ताजं आण.
माझं अर्धं खाल्लं. तिचं झाकून ठेवलंय. लाडवांचा डबा समोर आहे. भूक नाही. दोनदा विचारून पाहिलं.