सुट्टीचा डबा

प्रिय,

‘प्रिय’च्या पुढे काय लिहावं यावर इतका वेळ गेला की शेवटी ती जागा मोकळीच सोडली. घरात मी तुला ‘अगं’ म्हणतो, आणि ‘प्रिय अगं’ लिहिलेलं काही बरं दिसेना. रविवारी आपण फोनवर बोलतो खरं, पण तो फोन आपल्या लेकीचा असतो. अर्धा वेळ ती पडलेल्या दाताचं पुराण सांगते, उरलेला वेळ रुसून बसते, आणि माझ्या हातात फोन येतो तेव्हा ‘बरं आहे ना?’, ‘बरं आहे’ एवढ्यावर आपलं आटोपतं. म्हणून हे पत्र. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या माझ्या खोलीत, जेवणाच्या वेळेत लिहितोय. समोर दोन कवळ्या घासूनपुसून ठेवल्यात. एक निवृत्त मुख्याध्यापकांची आहे, दुसरी भाजीवाल्या मावशींची, आणि दोन्ही मिळून मला हसतायत असं उगाच वाटतंय.

तू जाताना म्हणालीस, ‘मला थोडी सुट्टी हवीय.’ मी म्हणालो, ‘घे की!’ यात न समजण्यासारखं काय होतं? दमली असशील, मैत्रिणीकडे चार दिवस राहशील, तिच्या रोपवाटिकेत हिंडशील, ताजीतवानी होऊन येशील. भांडण नाही, तंटा नाही. बॅगही मीच खाली आणून दिली, आणि वर ‘एवढी जड कशी?’ म्हणून थट्टाही केली. मग कळलं की तू तिथे काम धरलंस. मग कळलं की खोली घेतलीस. मग मुंगीकडून कळलं की खोलीला पिवळे पडदे लावलेस. (लेकीचं नाव अजून मुंगीच आहे, साखरेच्या डब्यावरची नजर तशीच आहे.) आता तूच सांग, सुट्टीवर गेलेलं माणूस पडदे घेतं का? मला तर समजेनासं झालंय. मधली सुट्टी असते, घंटा होते आणि पोरं तोंड पुसत वर्गात परत येतात. आणि शाळा सुटते तीही सुट्टीच. तुझी यातली कोणती? तू परत येणार आहेस की नाही, एवढीच एक गोष्ट मला माहीत नाही, आणि बाकीचं सगळं घर त्या एका गोष्टीपाशी अडून बसलंय.

हा सुट्टी शब्दच मुळात घात करणारा. तू गेल्यावर शाळेतून चिठ्ठी आली: ‘सोमवारपासून मुलांना सुट्टीसाठी वेगळा डबा द्यावा.’ शाळेत आता एक छोटी सुट्टी वाढवली होती आणि तेवढ्यापुरता एक लहान डबा हवा होता, इतकी सरळ गोष्ट. पण माझ्या डोक्यात तेव्हा तुझीच सुट्टी घोळत होती ना! मी वाचलं ते असं की मुलांना सुट्टीच्या देखाव्याचा डबा करून द्यायचाय, असेल काहीतरी नवीन उपक्रम. दुकानात गेलो. दुकानदारानं कप्प्याकप्प्यांचा एक डबा काढला, म्हणाला, ‘याला बेंतो म्हणतात साहेब, आजकाल हेच चालतं.’ पहाटे उठून मी समुद्रकिनारा केला. मोकळ्या भाताची वाळू, काकडीच्या पातळ चकत्यांच्या लाटा, गाजराची छत्री आणि छत्रीखाली आडवं झालेलं उकडलेलं अंडं. त्याला मिऱ्याचे डोळे लावले, तेही मिटलेले वाटावेत असे. शाळेत बाकीच्या पोरांच्या डब्यात बिस्किटं होती. बाई इतक्या हसल्या म्हणे की दुसऱ्या वर्गाच्या बाईंना दाखवायला घेऊन गेल्या. मी लाजून अर्धा झालो. पण मुंगी घरी आली ती उड्या मारतच, आणि तिचा पहिला प्रश्न होता, ‘उद्या कोणती सुट्टी?’

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. दुसऱ्या दिवशी डोंगर झाला, बटाट्याचा, वर चीज किसून बर्फ. मग आगगाडी, मग सर्कस, मग बोटीवरची सुट्टी. आजींनाही असा डबा हवा झाला. (तुझ्या आईला आता सगळेच मुंगीच्या नात्यानं आजी म्हणतो, त्यांनाही ते सोयीचं वाटतं. लेक गेली आणि जावयाकडे राहिल्या, याला काय म्हणायचं हे त्यांनाही नीट कळत नसावं.) तरणतलावाच्या तिकीटखिडकीत बसून त्या डबा उघडतात आणि पोहायला आलेली माणसं टॉवेल गुंडाळून बघायला जमतात. माझ्याही डब्यात उरल्यासुरल्याची एखादी सुट्टी असतेच. डॉक्टरीणबाई म्हणतात, कवळ्या करणाऱ्या हातांना गाजर म्हणजे किस झाड की पत्ती! पण खरं सांगू, मेणाचा दात कोरणं सोपं. दात कसा असतो हे मला ठाऊक असतं. सुट्टी कशी असते हे मला आठवून आठवून काढावं लागतं, आणि आठवायला गेलो की घोडं तिथेच पेंड खातं. आपण गेलोच कुठे?

एकदा गेलो होतो. बस बंद पडली ती सुट्टी. ब्रेडची बस केली, काकडीची चाकं लावली आणि एक चाक मुद्दाम चपटं केलं, तेव्हा सगळं डोळ्यांसमोर आलं. भर उन्हात सगळे प्रवासी वाहकाशी हुज्जत घालत होते, मी सगळ्यांत पुढे. तू रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली होतीस, मांडीवर मुंगी झोपलेली. मी आलो तेव्हा तू म्हणालीस, ‘तुम्ही पुढे व्हा, मी इथेच राहते.’ मी म्हणालो, ‘इथे काय आहे?’ तू म्हणालीस, ‘काहीच नाही, म्हणूनच.’ मी खो खो हसलो आणि सगळ्या गाडीला तो विनोद सांगितला. काकडी कापता कापता मला पहिल्यांदाच वाटलं, की तू हसली होतीस का? मला काही केल्या आठवेना. मुंगीला विचारावं तर ती तेव्हा झोपलेली.

आता मूळ गोष्टीवर येतो. गेल्या गुरुवारी मुंगीनं फर्माईश केली, ‘उद्या आईची सुट्टी कर.’ मी म्हणालो, करतो. सकाळी ओट्याशी उभा राहिलो. भात तयार, वाटाणे सोललेले, बीट उकडलेलं, सुरी हातात. आणि मी नुसताच उभा. तुझ्या सुट्टीत काय असतं? रोपं लावू म्हटलं तर ते तुझं काम झालं. मैत्रीण लावू तर तिचा चेहरा मी धड पाहिलेला नाही. पिवळे पडदे चीजचे झाले असते, पण ते मला करवेनात. तू सकाळी उठून खिडकीत बसतेस की उशिरापर्यंत लोळतेस? चहा एकटीच पितेस? गाणं म्हणतेस? पूर्वी म्हणायचीस, ते कधी बंद झालं? शेवटी शाळेची गाडी खाली येऊन उभी राहिली. मी कडेच्या लहान कप्प्यांत भात न् वाटाणे भरले आणि मधला मोठा कप्पा तसाच रिकामा ठेवून झाकण लावलं. मुंगीला म्हणालो, ‘मधलं तू मनानं बघ.’ तिनं ऐकून घेतलं, हो म्हणाली आणि गेली.

त्यानंतर जे घडायला लागलं त्यानं मी पुरता बुचकळ्यात पडलो. संध्याकाळी मुंगीला आणायला गेलो तर शाळेच्या फाटकावरचा पहारेकरी, जो एरवी स्टुलावरून ढिम्म हलत नाही, तो उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. मुंगीच्या मैत्रिणीच्या वडिलांनी माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. नुसतं म्हणत राहिले, ‘काही लागलं तर सांगा.’ मी म्हणालो, ‘गाजरं लागतात.’ तर त्यांचे डोळे भरून आले! शनिवारी दारात कुणीतरी सूपचं पातेलं ठेवून गेलं, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. आजींनी वास घेतला, मी चव घेतली, मुंगी दोनदा वाढून घेऊन प्यायली. पातेलं कुणाचं, आपल्यालाच का, काही पत्ता लागेना. आजी म्हणाल्या, ‘तुमच्या डब्यांची कीर्ती झाली असेल, बक्षीस आलंय.’ मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, मी थोडा फुगलोच.

सोमवारी दुपारी शाळेतल्या बाईंचा फोन आला. माझ्या एका हातात मुख्याध्यापकांची खालची कवळी होती. बाई अगदी हळू आवाजात बोलत होत्या. म्हणाल्या, शुक्रवारी मुंगीच्या डब्याचा मधला कप्पा रिकामा दिसला म्हणून विचारलं, तर ती सगळ्या वर्गासमोर म्हणाली, ‘ही माझ्या आईची सुट्टी आहे. माझी आई सुटली.’ बाई म्हणाल्या, ‘आम्हांला काहीच कल्पना नव्हती हो. फार वाईट वाटलं.’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की टोपी कशाला, सूप कशाला. आता कुणीही शहाणा माणूस लगेच म्हणाला असता, अहो बाई, गैरसमज झाला, ती जिवंत आहे, ठणठणीत आहे, पडदे लावतेय! मीही तेच म्हणायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘फार त्रास झाला का हो त्यांना?’ आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, ‘झाला असावा. मला कळला नाही.’ असं म्हणून मी रडायलाच लागलो. बाई बिचाऱ्या पलीकडून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत राहिल्या आणि मला खुलासा करताच आला नाही. जिवंत माणूस गेल्याची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात, तेव्हा राग मानू नकोस. उद्या शाळेत जाऊन सगळं खरं सांगणार आहे. पातेलंही परत करायचंय.

घरी येऊन मुंगीला जवळ घेतलं आणि विचारलं, आई सुटली असं तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, ‘आजीनं.’ आजी ओट्याशी होत्या. त्यांनी पाठ न वळवताच सांगितलं, ‘हो, मीच म्हणाले. ती गेली त्या दिवशी जिन्यात उभी राहून म्हणाले, सुटली बाई एकदाची. पोर मागे उभी होती ते मला दिसलं नाही.’ मी म्हणालो, ‘सुटली म्हणजे कशातून?’ त्या वळल्या. माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या, उलट जरा कीव केल्यासारखंच बघत होत्या. म्हणाल्या, ‘मला काय विचारता? तिला विचारा. इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलंत का?’ नाही विचारलं, हेच उत्तर आहे. मी चांगला नवरा आहे असंच मला वाटत आलं. मारलं नाही, ओरडलो नाही, बॅग उचलून दिली. मुंगी रोज विचारते आई कधी येणार, आणि मलाही तेच विचारावंसं वाटतं, पण ते मी आज विचारणार नाही. तू ये किंवा येऊ नकोस, ते तू ठरव. एका परक्या बाईनं तुला कधी न भेटता पहिल्याच फोनवर जे विचारलं, ते विचारायला मी हे पत्र लिहिलंय. तुला माझ्याजवळ फार त्रास झाला का गं? कसला होता? लांबलचक लिही. मला लवकर कळत नाही, तेव्हा दोनदा लिहिलंस तरी चालेल.

निदान माझ्या बाजूनं तरी अजून,
तुझाच