विजयदुर्गावर राहिलेली अव्वा

सोलापूर,
२ जून १९७७

वडीलधारे शिवपुत्रअण्णा यांना विरुपाक्षाचा नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो (तुमची तशी इच्छा असेलच, असं धरून चालतो). तुमचे गुडघे कसे आहेत? उत्तम असणार. गेले ते आमचे. कमलक्कांनाही नमस्कार, तुमच्याशी संसार करतात, म्हणून तो जरा जास्त वाकून.

आता मनातलं लिहितो. तुम्ही थोरले साडू म्हणून मालवणात गप्प बसलो, इथं आल्यापासून तोंड मिटत नाही. माझ्या आईला, आमच्या अव्वाला, डोळे मिटायच्या आत समुद्र बघायचा होता. तेवढ्यासाठी दुकानाला कुलूप लावून आलो. समुद्र तुमच्या परसदाराला लागून, आणि तुम्ही रोज पहाटे जीप उभी करायचात, परत आणायचात ते अंधार पडल्यावर. आज एक किल्ला, उद्या सावंतवाडीचा राजवाडा, परवा कुणकेश्वर. बांधकाम खात्यात नोकरी असली म्हणून दिसेल त्या भिंतीचा चुना नखानं खरवडून दाखवायलाच हवा का? (कुणकेश्वरच्या पुजाऱ्यानं हटकलं, तेव्हा माफी मी मागितली.) अव्वाला समुद्र दिसायचा तो जीपच्या मागच्या पडद्याच्या फटीतून, तोही लांब पळत जाणारा.

आणि मग विजयदुर्ग. बायका जीपमधून, पुरुष एस.टी.नं, ही वाटणी तुमची. परत निघताना तुमच्या मेहुणीनं, आमच्या दाक्षायणीनं, अव्वाला हाक मारली. उत्तर आलं नाही, तेव्हा तिला वाटलं, जीपमध्ये मळमळतं म्हणून मी तिला एस.टी.त घेतलं. मला वाटलं, ती जीपमध्ये. देवगडला सगळे चहाला भेटलो, तेव्हा कळलं की अव्वा कुणाकडेच नाही. मी कप तसाच टाकून उठलो. आणि तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आहे, जाणार कुठं?" अण्णा, पाणी आहे म्हणूनच तर माझा जीव जात होता. जीपमधून उलटं जाताना मी सिद्धेश्वराला काय काय बोललो ते लिहीत नाही.

अव्वा किल्ल्याखालच्या वाळूत बसली होती. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, पाय पाण्यात. शेजारी मासे वाळत घालणारी एक बाई, आणि शेजारणीनं अंडं फोडलं तर दिवसभर खिडकी न उघडणारी माझी आई त्या माशांवरचे कावळे हाकत होती. ती कानडी मिसळून बोलत होती, बाई मालवणीत उत्तर देत होती, आणि दोघींचं छान चाललं होतं.

मला बघून म्हणाली, "किल्ले साकु आता, लई झाले. समुद्र कुटं बगू दिला तुमी?"

मी तिथंच मटकन बसलो आणि रडलो. लाटेनं पँट कमरेपर्यंत भिजली. तुम्ही त्या वेळी काय करत होतात? त्या बाईला तटाचं बांधकाम कुणाच्या काळातलं म्हणून विचारत होतात. ती म्हणाली ते बरोबर, "माका काय ठावक? म्हातारेक बसांदे थोडी." तेवढंही तुम्ही बसू दिलं नाहीत, कारण ड्रायव्हरला उशीर होत होता.

तेव्हा यापुढे तुमची पायरी मी चढणार नाही. तुम्ही सोलापूरला आलात तर आमचा भुईकोट दाखवणार नाही, बाहेरूनसुद्धा.

तुमचा (रागावलेला)
विरुपाक्ष

ता.क. हे पत्र अव्वाला वाचून दाखवलं. ती हसायलाच लागली. म्हणते, "हाक ऐकली की मी. व्हय म्हटलं असतं तर तुमी आनखी एका बुरुजावर नेलं असतं." होडीच्या आड बसून राहिली होती म्हणे. दाक्षायणी तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही.

आणखी ता.क. दिवाळीनंतर अव्वाला महिनाभर तुमच्याकडे ठेवायचं म्हणतो. परसदारी खुर्ची टाकून द्या आणि तिच्याजवळ इतिहास काढू नका. सोडायला मीच येईन. त्या गडबडीत विजयदुर्गाचा दर्याकडचा बुरूज बघायचा राहिला, तेवढा मला एकट्याला दाखवा. दाक्षायणीला कळवू नये.