टेबलाखालची खूण

लाडके लेकी,

आधी कबुली देतो, मग हवं तेवढं रागव. मागच्या रविवारी तुझ्या पोरीनं व्हिडिओ कॉलवर तुला अख्खी गोष्ट वाचून दाखवली आणि तू तिकडे नोकरीच्या गावी ढसाढसा रडलीस, ते वाचन नव्हतंच. गोष्ट तिला पाठ होती. पान कधी उलटायचं, ते मी टेबलाखालून पाय लावून सांगत होतो.

तिच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि आठव्या वर्षी तिचं वाचन पुसलं गेलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, वय लहान आहे, मेंदूची दुसरी बाजू हळूहळू ते काम शिकून घेईल. मला पटतं. उजवा हात मोडला तेव्हा मी दुकानांच्या पाट्या डाव्या हातानं रंगवल्याच की, आधी वाकड्या, मग बऱ्या. रोज आम्ही रंगाच्या डब्यांवरची अक्षरं बोटानं गिरवतो. पण तुझा जीव टांगणीला लागलेला बघवेना, म्हणून आम्ही दोघांनी ही लबाडी

इथं गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो. परत येतो तर पोरगी या कागदावर बोट फिरवत बसलेली, अडखळत, घामाघूम होऊन. मान वर करून म्हणाली, "आबा, टेबलाखालचंसुद्धा सांगून टाकलंत? चहाडखोर कुठले!"

हा कागद काही तिला पाठ नव्हता.

आता हा कागद टपालात टाकायचा नाही, असा तिचा हुकूम आहे. येत्या रविवारी हाच ती तुला वाचून दाखवणार. तुझी खात्री पटावी म्हणून मी खुर्चीवर मांडी घालून बसेन.

तुझे, रंगेहाथ सापडलेले,
आबा