मारुंजीला थांबलेला हात

मी, ज्योतीराम कोंडीबा वाघचौरे, वय ६८, निवृत्त सहायक फौजदार, राहणार पिंपळे गुरव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय, स्वखुशीने लिहीत आहे. हे वाक्य नोकरीत मी कित्येकांकडून लिहून घेतलं. ते खरं असताना लिहिलं जाण्याची ही पहिलीच वेळ.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव पत्नी विजयश्री हिला. सदतीस वर्षं तिने माझा स्वभाव सोसला, त्या मानाने फ्लॅट लहान आहे.

२. शेजारी चिमाजी यांच्याकडे माझी शिडी आहे, ती परत आणावी. पार्किंगच्या भांडणात मी त्यांना माफ केलेलं नाही व तसा विचारही नाही.

३. स्कूटर मुलगा समर्थ याला, कलम ६ मधील अटीवर. तो नुकताच पोलीस भरतीत निवडला गेला आहे. त्याला माझा चामडी पट्टाही हवा आहे. तो देऊ नये. कारण पुढे.

४. सन २००४ मध्ये कस्तुरा नावाची सहा वर्षांची मुलगी हरवली. तिच्याशी शेवटचं बोलताना इब्राहिम शेख हा मेकॅनिक दिसला होता, म्हणून त्याला उचललं. वेळ नव्हता, मी पट्टा घेतला. माझी पद्धत अशी, की एकेका गावाचं नाव घ्यायचं आणि तळहातावर मारायचं. मारुंजीला तो "हो" म्हणाला. दोन जीप घेऊन आम्ही तिथल्या भाड्याच्या खोल्या पाच तास धुंडाळल्या. मुलगी तोवर आकुर्डी स्टेशनवर फुलं विकणाऱ्या अंबुबाईंजवळ बसून होती. चुकून गाडीत चढली होती. तिला कोणी पळवलंच नव्हतं.

डायरीत मी लिहिलं, 'आरोपीने दिलेल्या माहितीवरून मुलगी मिळून आली.' प्रशस्तिपत्र मिळालं. पुढे नव्या शिपायांसमोर मला बोलवायचे आणि विचारायचे, कोणाचा जीव वाचणार असेल तर मारावं का? कस्तुराचं नाव घेऊन मी "मारावंच" म्हणायचो. समर्थ हीच गोष्ट ऐकत वाढला आणि आता मित्रांना सांगतो. ती खोटी आहे. मला तिची लाज वाटते.

५. गेल्या वर्षी इब्राहिमच्या गॅरेजवर स्कूटर नेली. त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. नटबोल्ट मुलगी यास्मिन आवळते. मी विचारलं, तेव्हा मारुंजीच का म्हणालास?

"साहेब, तुम्ही गावांची नावं घेत होता. मारुंजीला तुमचा हात थांबला. मला वाटलं, यांना हेच पाहिजे."

मी घाम पुसायला थांबलो होतो.

समर्थ विचारेल, पोरगी खरंच मारुंजीला असती तर? तर मला बढती मिळाली असती. इब्राहिमचा हात तरीही असाच राहिला असता.

६. पट्टा माझ्या चितेत टाकावा. वास येईल, सोसावा. समर्थने कलम ४ व ५ इब्राहिमसमोर मोठ्याने वाचून प्रशस्तिपत्र फाडावं, मगच स्कूटरची चावी मिळेल.

७. निम्मी ठेव इब्राहिमला द्यायची होती. तो म्हणाला, "नको साहेब. त्या दिवशी कोऱ्या कागदावर माझी सही घेतली होती. हा कागद वाचून सही करतो." साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवू नये, असं वकील प्रभावतीताई सांगतात. म्हणून त्याला काही दिलेलं नाही.

ठिकाण: आकुर्डी
दिनांक: ११ जानेवारी २०२५

लिहून देणार: ज्योतीराम कोंडीबा वाघचौरे (सही)

साक्षीदार:
१. धम्मरत्न कांबळे, सोसायटीचे सचिव (सही)
२. इब्राहिम शेख, मेकॅनिक. सर्व मजकूर दोनदा वाचून, डाव्या हाताने (सही)