सुधाची मशीन

६ नोव्हेंबर
रामकलीनं आज साफ सांगितलं. "बाऊजी, झाड़ू-बर्तन सब करूँगी, पर पेशाब की चादरें मुझसे न होंगी." तिचं काय चुकलं? पाच वर्षं कामाला आहे, कधी उलट बोलली नाही. आजही मान खाली घालूनच बोलली.

दोन आठवडे चादरी मीच धुतोय, सुधाच्या नकळत. पण तिला कळतं. आज पहाटे जाग आली तर शेजारी नाही. बाथरूममध्ये गार पाण्यात चादर चोळत बसलेली, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, बोटं निळी. मला बघून म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला उठलात? जरा वरण सांडलं होतं."

वरण. मी म्हटलं, बरं.

विसरायचा आजार. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलंय, मोठं इंग्रजी. इथे लिहावंसं वाटत नाही.

१० नोव्हें.
अश्विनीचा पुण्याहून फोन. मशीन घ्या म्हणाली. "बाबा, वरून उघडणारी घ्या. वाकावं लागत नाही. तुमची कंबर आधीच..." लेक आहे की हेडमास्तरीण, कळत नाही.

सुधाला मशीन कधीच नको होती. चाळीस वर्षं हातानं धुतले. "मशीनीत कॉलर निघते का?" हा तिचा प्रश्न.

१४ नोव्हें.
नया बाज़ार. तीन दुकानं पालथी घातली. वही नेली होती, ड्राफ्ट्समनची खोड, रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी जात नाही. गॅलरीतली जागा मापून नेली: रुंदी चोवीस इंच, दार उघडायला पुढे आणखी वीस.

समोरून दार असलेली पक्की केली. कारणं: (१) पाणी कमी लागतं, नळ एक दिवसाआड. (२) आत पाणी तापतं, वास जायला गरम पाणीच हवं. (३) चालू असताना दार उघडत नाही. वरच्या झाकणाची असती तर सुधानं कधी तरी फिरत्या मशीनीत हात घातला असता. दुकानातल्या बाईंनी दार ओढून दाखवलं, "देखिए, एक बार लॉक हुआ तो हुआ." हे मला फार आवडलं.

अश्विनीला कळवलं. "करा तुमच्या मनाचं."

१७ नोव्हें.
मशीन आली. दौलतगंजच्या आमच्या जिन्यातून दोन हमालांनी दुसऱ्या मजल्यावर चढवली. वळणावर भिंतीचा पोपडा गेला. सुधा त्यांना म्हणाली, "पाणी घ्या रे, दमलात." अगदी पूर्वीसारखी. ते निघाले तेव्हा मला विचारलं, "कोण गेलं हो आपल्याकडे? माणसं काय उचलत होती?"

दुपारी मेकॅनिक बघेल आला. लेव्हल लावली. शिकवून गेला ते लिहून ठेवतो: पावडर थोडी, फेस जास्त झाला तर कपडे नीट निघत नाहीत. धुणं झालं की दाराचं रबर आतून पुसायचं, दार किलकिलं ठेवायचं, नाही तर कुबट वास धरतो. खालचं फिल्टर पंधरा दिवसांनी काढायचं. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा क्षार काढायची पावडर घालून रिकामी चालवायची.
"ध्यान रखोगे तो दस साल चलेगी, अंकल."
दहा साल. मी हिशोब केला नाही.

२५ नोव्हें.
डॉ. म्हणाले होते, हातांना ओळखीचं काम द्या. म्हणून सुधाला मशीन शिकवली. कपडे आत, दार दाबून बंद, हिरवं बटण. तेवढंच. चार दिवस लागले. आज तिनं सगळं एकटीनं केलं. स्टूल घेऊन काचेसमोर बसली. "बघा, तुमचा पायजमा वर आला." दहा मिनिटांनी परत, "बघा, तुमचा पायजमा."

पहाटेचं बाथरूम बंद झालं. आता ओली चादर स्वतःच आणून आत टाकते. लाज वाटल्यासारखी नाही दिसत. बऱ्याच दिवसांनी चहा गरम प्यालो.

मशीनीला बटणं बंद ठेवायचं कुलूप आहे. बघेलनं दाखवलं होतं. लावलं नाही. तिचं तेवढं तरी...

४ डिसें.
फिल्टर काढलं. केसांचे दोन आकडे, एक सेफ्टी पिन, सुपारीचं खांड, एक बटण. बटण कशाचं ते सापडलं नाही.

सुधानं आज पुन्हा विचारलं, "मकरंद अजून आला नाही?" मी सांगितलं. मकरंद गेला, सुधा. सहा वर्षं झाली. मोटरसायकलवर होता, मुरारकडून येताना. ती ऐकते आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखी होते. आधी तोंड उघडं राहतं. मग रडते. तासाभरानं पुसलं जातं. माझ्याकडून पुसलं जात नाही.

अश्विनी म्हणते, सांगू नका, येईल म्हणा. मला जमत नाही. आपला मुलगा गेला ही एवढी एकच गोष्ट आम्हा दोघांत मिळून होती. तीही मी एकट्यानं सांभाळायची?

१९ डिसें.
कोहरा, दाट धुकं. चार दिवस ऊन नाही. चादरी वाळत नाहीत, घरभर दोऱ्या. मशीनमधून निघाल्यावरही दमट वास. रबराच्या घडीत काळं धरलं होतं, जुन्या दाताच्या ब्रशनं काढलं. क्षाराची पावडर घालून रिकामी चालवली. सुधा काचेसमोर बसलेली. "आत काहीच नाही हो." "नाही, आज मशीन स्वतःच धुतेय." हे तिला पटलं. हसली. मीही.

२ जानेवारी
हातांना अजून साबणाचा वास आहे. लिहून टाकतो.

सकाळी फार गारठा. सुधाला शाल हवी म्हणून लोखंडी कपाट उघडलं. शाल काढली, तिला पांघरली, दूध उतू चाललं म्हणून धावलो. किल्ली कपाटालाच राहिली. चूक माझी.

त्या कपाटात खालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, मकरंदचा शर्ट होता. निळ्या चौकडीचा. शुक्रवारी ऑफिसातून येऊन त्यानं खुंटीला टांगला, शनिवारी दुसरा घालून गेला. परत आला नाही. बाकीचे कपडे देऊन टाकले. हा धुतला नाही. कॉलरला घामाची रेघ, डाव्या बाहीवर पेनाचा डाग. पहिल्या वर्षी सुधा आणि मी, दोघंही, एकमेकांना न सांगता ती पिशवी उघडायचो.

दूध उतरवलं, चहा गाळला, गॅलरीत आलो. मशीन चालू. सुधा स्टुलावर. काचेत चादर, चादर, मग निळी चौकडी.

"सुधा, काय टाकलंस?"
"मकरंदचा शर्ट हो. किती मळलेला, असाच कोंबून ठेवला होता कपाटात. उद्या ऑफिसला काय घालील तो?"

बटण दाबलं. मशीन थांबली. दार ओढलं, उघडेना. पुन्हा ओढलं. बघेलला फोन लावला. "पानी भरा है अंकल, दरवाज़ा नहीं खुलेगा. ज़ोर मत लगाना, हैंडल टूट जाएगा. नीचे से पानी निकालो." खाली फिल्टरशेजारी बोटाएवढी नळी आहे. जमिनीवर पालथा पडून परात लावली. परात भरली की बूच, मोरीत ओत, परत. किती पराती, मोजल्या नाहीत. पाणी कोमट होतं आणि मळकं. तो मळ मोरीत ओतताना वाटलं की... नको.

दार उघडलं तेव्हा शर्ट साबणानं बुळबुळीत झालेला. नाकाशी धरला. पावडरीचा वास. लिंबाचा.

मग मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. "मेलाय तो! सहा वर्षं झाली! कोणाला ऑफिसला पाठवतेस?"

ती उठली, भिंतीला टेकली. "कधी? मला कोणी सांगितलं नाही." आणि मग जे झालं ते लिहिणार नाही. रामकली भांडी टाकून धावत आली, तिला पोटाशी धरून बसली. ज्या बाईनं चादरींना हात लावायचा नाही म्हटलं होतं, तिच्याच लुगड्यावर आज सुधा... तिनं हूं की चूं केलं नाही.

३ जाने.
सुधा सकाळी छान होती. पोह्यात लिंबू मागितलं. "तुमचे डोळे का सुजलेत?"

शर्ट दोरीवर. साबण राहू नये म्हणून हातानं खळबळून काढला. पेनाचा डाग तेवढा राहिलाय.

७ जाने.
पाच दिवस मशीन लावली नाही. चादरी हातानं. कंबर गेली.

सुधा रोज गॅलरीत येते, स्टुलावर बसते, बंद काचेकडे बघते.

१२ जाने.
अश्विनी आली. न कळवता. रामकलीनं फोन केला होता म्हणे. तिला नंबर कोणी दिला कोण जाणे. आल्या आल्या आईच्या पाया पडली. सुधा म्हणाली, "बस ग बाई. कोणाची तू?" अश्विनी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मोठ्या धारेत.

संध्याकाळी मी तिला शर्टाचं सांगितलं. वाटलं होतं, आईवर चिडेल, नाही तर माझ्यावर.
"बाबा, एक सांगू? त्यात दादाचा वास नव्हता. मागच्या दिवाळीला मी उघडून पाहिला होता. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. नुसत्या गोळ्यांचा."
"मग बोलली नाहीस?"
"काय बोलणार? तुम्ही शेवटचा कधी उघडला होता?"

आठवलं नाही. म्हणजे आठवलं. तीन वर्षांपूर्वी. तेव्हाच संशय आला होता, म्हणून मग उघडलाच नाही. हे तिला सांगितलं नाही. इथे लिहितोय.

१३ जाने.
अश्विनीनं शर्टाला इस्त्री केली. विचारलं, "मी नेऊ?" सहा वर्षांत तिनं दादाची एकही वस्तू मागितली नव्हती. मी कधी विचारलंही नव्हतं. बहीण होती त्याची. आम्ही दोघं नवरा-बायकोच रडत बसलो आणि तिला पुण्याला परत पाठवलं, परीक्षा होती म्हणून.
"ने," म्हटलं.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ. सुधानं अश्विनीला तीनदा दिला, तीनदा "गोड बोल" म्हणाली. अश्विनीनं तीनदा घेतला.

दुपारी मशीन सुरू केली. मी नाही, अश्विनीनं. रबर, फिल्टर, सगळं माझ्याकडून शिकून घेतलं. सुधाला स्टूल दिलं. सुधानं हिरवं बटण दाबलं आणि आम्हा दोघांकडे बघितलं, शाबासकीसाठी.

मकरंद कुठे आहे, विचारलं. माझं तोंड उघडायच्या आत अश्विनी म्हणाली, "येईल ग आई." सुधा परत काचेकडे बघायला लागली. बस. एवढंच. ना रडणं, ना काही.
मी उठून आत गेलो.

१६ जाने.
अश्विनी गेली. स्टेशनवर बोलली, दोन डबे पुढे बघत. "बाबा, आईला मी नेते. तिथे दिवसाची बाई मिळते, डॉक्टर जवळ आहे. तुम्हीही या. नाहीच यायचं तर तुम्ही इथे राहा, पण तिला नेऊ द्या. तुम्ही पडलात तर कोण आहे?" महिनाअखेरपर्यंत सांगा म्हणाली.

सुधा पुण्यात. तिला हे घर कळतंय का, हाच प्रश्न आहे. संडासाकडे अंधारातही बरोबर वळते. पण खिडकीतून बघून विचारते, हे कोणतं गाव?

२२ जाने.
चादरी रोज दोन. साठ डिग्रीवर. वास राहत नाही. बघेल येऊन पाण्याच्या पाइपची जाळी साफ करून गेला, क्षार बसले होते. "अंकल, आपने तो नई जैसी रखी है." कोणी तरी म्हटलं.

"येईल" हा शब्द मी आज म्हणून पाहिला. सुधाला नाही, आरशासमोर दाढी करताना. जीभ वळली.

२९ जाने.
अश्विनीला परवापर्यंत सांगायचंय.

सकाळी ऊन पडलं, महिन्यात पहिल्यांदा नीट. सुधानं स्वतः चादर काढली, मशीनमध्ये टाकली. दार लावायचं थांबली. माझ्याकडे वळून बघितलं, पदर खांद्यावर सारखा केला, परक्या माणसासमोर करतात तसा.
"तुमचंही काही असेल तर द्या. मशीन लागतेच आहे."
मी स्वेटरची बाही ओढत राहिलो.
"संकोच करू नका. स्वेटर मळलाय तुमचा."
काढून दिला. लोकरीचा, म्हणून तिच्या पाठीमागून हात घालून चादर बाहेर घेतली, थंड पाण्यावर लावलं. तिनं हिरवं बटण दाबलं. स्टुलावर बसली, थोडी सरकली, बाजूच्या वेताच्या मोढ्याकडे बोट दाखवलं. बसलो.
"घरी आहे ना कोणी, तुमचं धुणारं?"
"आहे," म्हटलं.
"मग बरं आहे."

अश्विनीचे दोन फोन येऊन गेलेत. अजून लावला नाही.